घरचा माणूस

करकंबच्या आमच्या वाड्यात ‘घरचा माणूस’ हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शेत वाट्याने करणारा कुळवाडी घरचा माणूस, विहिरीचे पाणी शेंदणारी बाई घरचे माणूस, आषाढीच्या सुमारास पंढरपुराकडे निघालेल्या वारकऱ्यांच्या पंगतीत पत्रावळी मांडावयास धावून येणारा शेजारचा पोरही घरचाच माणूस. त्यांच्या घरी लग्न निघाले तर वाड्यातून पातळ जाई, आजारपण आले तर तांदूळ व औषध जाई, आणि जोंधळ्याची रास घरी आली की त्यातील दोन पायल्या न मागता त्यांच्या ओच्यात पडत. या रीतीचा आम्हास अभिमान होता. आजही तो सर्वस्वी गेला आहे असे नाही. परंतु याच शब्दाने आमच्या घरात एकदा कसा घात केला, आणि तो आमच्या ध्यानात कसा आला, हे सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहो. यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमच्या घराचाच आहे. म्हणून तो सांगावयास संकोच असला तरी हरकत नाही.

आमच्या थोरल्या बंधूंस घरात व गावात सारेच अण्णा म्हणत. शेतीवर एवढ्या मोठ्या कुटुंबाचा निभाव लागेना, तेव्हा त्यांनी सोलापूरच्या एका औद्योगिक वसाहतीत विजेवर चालणारी लहानशी डाळगिरणी घातली. अण्णा सचोटीचे गृहस्थ होते. तुरीच्या तोलात त्यांनी कधी मापटे मारले नाही, की कोणाचा पगार महिन्याच्या सातव्या दिवसापलीकडे ठेवला नाही. गिरणीच्या हजेरीपटावर नऊ नावे होती. याशिवाय डाळ निवडणे, पोती शिवणे व यंत्रापाशी झाडलोट करणे यासाठी आणखी तिघे असत. ती मुकादमाची माणसे. त्यांची नावे मुकादमाच्या वहीत, पगार मुकादमाच्या हातून. नऊ अधिक तीन म्हणजे बारा होतात, हे गणित आमच्या घरात कोणास येत नव्हते असे नाही. पण ते कोणी केले मात्र नव्हते.

त्या तिघांतील एक करकंबचाच होता. त्याच्या बापाने आमची जमीन वाट्याने केली होती. ते दोघे भाऊ. येथे त्यांस थोरला व धाकटा एवढेच म्हणू. थोरला अण्णांबरोबर सोलापुरास गेला आणि धाकटा गावीच राहिला. थोरला वाड्यावर आला की ‘घरचा माणूस’, आणि गिरणीत गेला की ‘मुकादमाचा माणूस’. एकाच मनुष्याची ही दोन नावे आम्हास इतकी अंगवळणी पडली होती की त्यांत काही विसंगती आहे हे जाणवलेही नाही.

२०१३ च्या पावसाळ्यात एके दिवशी यंत्राच्या पट्ट्यात थोरल्याचा उजवा हात सापडला व तीन बोटे गेली. अण्णा स्वतः त्यास गाडीत घालून खासगी दवाखान्यात घेऊन गेले. चाळीस हजारांच्या आसपास खर्च झाला, तो सर्व त्यांनी सोसला. करकंबला त्याच्या घरी दोन पोती जोंधळा गेला. चार महिन्यांनी तो हिंडू फिरू लागला तेव्हा अण्णांनी त्यास गिरणीवर राखणदार म्हणून ठेवले. पगार अर्थातच पूर्वीपेक्षा कमी. गावात अण्णांची वाहवा झाली. आम्हासही आपल्या घराण्याचे नाव राहिले असेच वाटले.

पुढील संक्रांतीस थोरला तिळगूळ घ्यावयास वाड्यावर आला. ओसरीवर बसला, परंतु पूर्वीसारखा बोलेना. वहिनींनी चहा दिला, पोराबाळांची चौकशी केली व “काही कमी पडतंय का?” म्हणून विचारले. तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “तुमी काय कमी केलं न्हाई, वैनी. पर दर बारीला वाड्याची पायरी चढायचं जिवावर येतंय.” एवढे बोलून तो उठून गेला.

त्या रात्री जेवणे झाल्यावर माजघरात वहिनींनी अण्णांस विचारले, “तुम्ही त्याला घरचा माणूस म्हणता, मग त्याचे नाव तुमच्या वहीत का नाही?” अण्णा काहीच बोलले नाहीत. आम्ही तेथेच सुपारी कातरीत बसलो होतो. आम्ही शाळेत जन्मभर मास्तरकी केलेली, कायद्याशी आमचा संबंध पगारपत्रकापुरताच. तरी त्या प्रश्नाने आम्हास झोप लागेना. दुसऱ्या दिवशी सोलापुरास जाऊन आम्ही राज्य कामगार विमा कायद्याचे पुस्तक विकत आणले. पुढील आठ दिवस तेच आमचे पारायण झाले.

या कायद्याची जन्मकथा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. आजारी कामगारास दानधर्मावर न सोडता त्याच्या व मालकाच्या वर्गणीतून विम्याने त्याची सोय करावी, ही कल्पना प्रथम जर्मनीत बिस्मार्कच्या अमदानीत १८८३ साली कायद्याच्या रूपाने आली. आपल्याकडे १९२३ साली अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्याने गिरणीतील बाळंतिणींसाठी कायदा केला. परंतु हे दोन्ही कायदे मालकाच्या एकट्याच्या खिशावर चालणारे होते. त्यामुळे देणे टाळण्याकडे त्याचा कल असे, आणि देणे लागू नये म्हणून बाईस आधीच कामावरून दूर करण्याची वाट मोकळी राही. सर्वांनी मिळून निधी उभारावा व त्यातून प्रत्येकास द्यावे, अशी पक्की योजना आखण्याचे काम १९४३ च्या मार्चमध्ये प्राध्यापक बी. पी. आडारकर यांजकडे आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. आडारकरांनी १९४४ साली अहवाल दिला, १९४८ च्या एप्रिलमध्ये कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेस आरंभ झाला. मुंबईच्या गिरणगावात ती १९५४ साली आली. ज्या सोलापुरात एके काळी गिरण्यांच्या भोंग्यावर सारे शहर उठत असे, त्या सोलापुरास तरी या कायद्याचे नाव नवे नव्हते. नवे होते ते आम्हास.

पुस्तक वाचता वाचता आमच्या पहिल्याच गैरसमजाला धक्का बसला. आमची समजूत अशी की मालकाने नाव नोंदविले म्हणजे कामगार पात्र होतो. वस्तुतः प्रकार उलट आहे. कारखाना पात्र असला की कामगार पात्र असतोच. नोंदणी ही मालकाची जबाबदारी, कामगाराची परीक्षा नव्हे. वर्गणी भरली गेली असो वा नसो, ती भरावयास हवी होती एवढे ठरले की तो ‘विमेदार’ झाला. मालकाच्या चुकीचे प्रायश्चित्त कामगाराने घ्यावयाचे नाही. विमा महामंडळाने त्यास लाभ द्यावा व त्याची किंमत मालकाकडून वसूल करावी, अशी तरतूद त्या कायद्यातच होती.

कारखाना पात्र केव्हा? प्रथम वीज वापरणाऱ्या व वीस माणसे असलेल्या कारखान्यांसच हा कायदा लागू होता. १९८९ च्या दुरुस्तीने विजेवरील कारखान्यास ही संख्या दहावर आली, आणि २०१० च्या दुरुस्तीने वीज असो वा नसो, दहा माणसे पुरेशी झाली. एकदा कायदा लागू झाल्यावर पुढे माणसे कमी केली तरी सुटका नाही, हेही त्यात स्पष्ट होते. म्हणजे हजेरीपट छाटून कायद्याच्या बाहेर पडता येत नाही.

आता प्रश्न राहिला मुकादमाच्या माणसांचा. येथे आम्ही अण्णांच्या बाजूने पळवाट शोधीत होतो हे कबूल केले पाहिजे. परंतु कायद्याने ‘कामगार’ या शब्दात ठेकेदारामार्फत आलेले, कारखान्याच्या आवारात किंवा मालकाच्या देखरेखीखाली काम करणारे, आणि मुख्य कामाशी आनुषंगिक असे कोणतेही काम करणारे, असे सर्व घेतले होते. १९७८ साली हैदराबादच्या रॉयल टॉकीज या चित्रपटगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला. चित्रपटगृहाच्या आवारातील उपाहारगृह व सायकली ठेवण्याची जागा ठेकेदारांकडे होती. ती माणसे आमची नव्हेत, असे चित्रपटगृहाचे म्हणणे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते मानले नाही. सायकल सांभाळणारा पोरही त्या धंद्याला जोडलेला आहे, सबब तो कायद्याच्या छत्राखाली येतो, असा निर्णय झाला. सायकली राखणारा जर चित्रपटगृहाचा माणूस, तर डाळ निवडणारा डाळगिरणीचा माणूस नव्हे असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

मग आम्ही पाटीवर हिशेब मांडला. थोरल्यास महिना सहा हजार मिळत. त्या काळी मालकाची वर्गणी पगाराच्या ४.७५ टक्के व कामगाराची १.७५ टक्के होती. म्हणजे अण्णांनी दरमहा २८५ रुपये द्यावयाचे व त्याच्या पगारातून १०५ कापावयाचे. सोयीसाठी बाराही जणांचा पगार तेवढाच धरला, तर मालकाचा वाटा महिना ३,४२० रुपये, सालाचा ४१,०४० रुपये. ही रक्कम पाहून आम्ही पाटी खाली ठेवली. दवाखान्याला अण्णांनी जे चाळीस हजार दिले, ज्याबद्दल गावाने त्यांची पाठ थोपटली, तेवढे तर ते दर साल वाचवीत आले होते. आमचे औदार्य हे आमच्याच थकबाकीचा एक हप्ता होते.

आणि थोरल्यास काय मिळावयास हवे होते? कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून हक्क. किती दिवस वर्गणी भरली हे तेथे विचारीत नाहीत. बरा होईपर्यंत रोजच्या पगाराच्या ९० टक्के. त्यानंतर कायमचे अधूपण किती, हे वैद्यकीय मंडळ ठरविते; एका हाताची तीन बोटे गेली तर परिशिष्टात ३० टक्के लिहिले आहेत. रोजचा सरासरी पगार २०० धरला तर त्याचे ९० टक्के १८०, व त्याचे ३० टक्के म्हणजे रोजचे ५४ रुपये. रक्कम मोठी नाही. पण ती जन्मभराची; पुढे तो काम करो वा न करो, मालक राहो वा न राहो. सावकारास तिच्यावर जप्ती आणता येत नाही. आणि मुख्य म्हणजे तीसाठी कोणाच्याही वाड्याची पायरी चढावी लागत नाही.

हा कागद आम्ही अण्णांपुढे ठेवला. ते रागावले नाहीत, पण दुखावले. “मी त्याला कधी उपाशी ठेवलं का?” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. लहान धंदा, डाळीचे भाव वर्षभर वरखाली, त्यात कार्यालये, परतावे, तपासणी यांचे भय. दहावा माणूस लिहिला की दहा कटकटी, असे सर्व गिरणीवाले एकमेकांस सांगत. कायद्यातून कोणी पळतो तो नेहमी लबाडच असतो असे नव्हे. पुष्कळदा तो भित्रा असतो. परंतु भयाची किंमत भिणाऱ्याने द्यावी, ती येथे थोरल्याच्या बोटांनी दिली. आम्ही त्यांस एवढेच म्हणालो, “अण्णा, हा मालकाचाही विमाच आहे. विमेदारास महामंडळाकडून लाभ मिळाला की त्याच अपघाताची निराळी भरपाई मालकाकडून मागता येत नाही. उद्या याहून मोठे काही झाले तर गिरणी विकावी लागेल.” पण अण्णांचा निश्चय झाला तो या युक्तिवादाने नव्हे, तर वहिनींच्या त्या एका वाक्याने, असे आम्हास वाटते.

त्यांनी बाराही नावे नोंदविली. मागील थकलेली वर्गणी, तीवर दरसाल १२ टक्के व्याज व वर दंड भरला. मागील काळाचा कामगारांचा वाटा आता त्यांच्या पगारातून कापता येत नाही, तोही मालकाच्याच अंगावर पडतो. तो त्यांनी भरला. वहिनींनी आपल्या गोठ व पाटल्या काढून दिल्या, त्या पुढे तीन वर्षांनी परत घडविल्या. अपघाताची खबर उशिरा गेल्यामुळे कागदपत्रांचे हेलपाटे पुष्कळ झाले. अखेर दीड वर्षाने थोरल्याच्या नावे मासिक रक्कम सुरू झाली. त्यानंतरच्या दसऱ्यास तो सोने द्यावयास वाड्यावर आला. पूर्वीप्रमाणे ओसरीवर बसून त्याने तासभर गप्पा मारल्या, आणि जाताना काही मागितले नाही. अण्णा त्या दिवशी फार प्रसन्न होते. आता ते नाहीत. गिरणी पुतण्या पाहतो.

येथे लेख संपला असता तर बरे झाले असते. पण धाकट्याची हकीकत राहिली.

आमच्या भागात ऊस वाढला तसे साखर कारखान्यांचे धुराडे शिवारातून दिसू लागले. धाकटा हंगामात एका साखर कारखान्यात कामास जाई व हंगाम सरला की गुऱ्हाळावर. एका हंगामात त्यास कावीळ झाली व दीड महिना तो अंथरुणास खिळला. पगार बंद, औषधास कर्ज. आम्ही मोठ्या उत्साहाने पुस्तक काढले. आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते, हे आम्हास आता पाठ होते. परंतु व्याख्यांत ‘हंगामी कारखाना’ या शब्दापाशी बोट थांबले. कापसाचे जिनिंग, भुईमुगाची फोड, कॉफी, नीळ, लाख, चहा, आणि साखर, गुळासकट, केवळ एवढेच करणारे कारखाने या कायद्यातून वगळलेले. आडारकरांनी योजना आखली ती बारमाही कारखान्यांसाठी; जो चार महिने येथे व आठ महिने तेथे, त्याची वर्गणी मोजावी कशी, हा त्या वेळचा प्रश्न होता. त्या वगळण्यात आमचा सारा मुलूख वगळला गेला. अशा कारखान्यात अपघात झाला तर १९२३ च्या कायद्याची एकरकमी भरपाई होती. तापाला, काविळीला काहीच नाही. आणि उसाच्या फडात कोयता चालविणारा तर कारखान्याच्या फाटकाबाहेरचाच.

तेव्हा आम्ही म्हटले, थोरल्याच्या कार्डावर धाकट्याचे औषध होईल का? नाही. कायद्याच्या कुटुंबात बायको, मुले व अवलंबून असलेले आईबाप येतात. मिळवता भाऊ येत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आम्हास हे वाचून चमत्कारिक वाटले. एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ, एका आईची लेकरे. आईला दोघेही औषध आणतात, पण तिचे नाव एकाच्याच कार्डावर. तीही करकंबहून सोलापूरच्या दवाखान्यास जावयाची तर बरोबर जाणाऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडते. कायदा आहे म्हणजे सोय झाली असे नव्हे, हेही आम्ही शिकलो.

तथापि कायदा जागचा हलतच नाही असेही नाही. केरळातील एका कामगाराचा सायकलवरून कारखान्यास जाताना, फाटकापासून किलोमीटरभर अंतरावर, लॉरीची धडक बसून अपघात झाला. तो कामावरचा अपघात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरविले. त्यावर २०१० साली कायद्यातच दुरुस्ती होऊन, घरून कामास जाताना वा परतताना झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरला जाऊ लागला. पगाराची मर्यादा प्रथम ४०० रुपये होती. ती वाढत वाढत १ जानेवारी २०१७ पासून २१,००० झाली. वर्गणी १ जुलै २०१९ पासून उतरून मालकाची ३.२५ व कामगाराची ०.७५ टक्के झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली व १९४८ चा कायदा तीत सामावला. तीत हंगामी कारखाना अजून बाहेरच आहे. परंतु दहाहून कमी माणसांच्या मालकानेही, त्याची व बहुसंख्य कामगारांची संमती असेल, तर आपण होऊन या छत्राखाली यावे, असा दरवाजा तीत ठेवला आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे छापखाने, दवाखाने, शिकवणीवर्ग वा लहान कारखाने असतील त्यांनी तो दरवाजा पाहून ठेवावा.

आणि ज्यांची मुले, सुना पुण्या-मुंबईस नोकरीत आहेत त्यांनीही पगाराचा कागद एकदा नीट वाचावा. आमच्या घरातील एका सुनेचा पगार मर्यादेच्या आत होता, दरमहा कपात होत होती, आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा पगारासह तिच्या हक्काची आहे, हे तिच्यासह कोणासही माहीत नव्हते. पगार मध्येच मर्यादेबाहेर गेला तरी ती सहामाही संपेपर्यंत छत्र राहते, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. जे आपले आहे ते न मागणे यात सात्त्विकता नाही, केवळ अज्ञान आहे.

राहता राहिला आमचा वाडा. स्वयंपाकास येणाऱ्या बाई आज अठरा वर्षे येत आहेत. घरकामास हा विमा नाही, गुऱ्हाळावरच्या धाकट्यास नाही, शेतावरच्यास नाही. तेथे कायद्याचे पुस्तक मिटते व आमची जबाबदारी सुरू होते. वहिनींनी यावर आपल्यापुरता एक उपाय केला आहे. देवघरातील फडताळात, पंचांगाशेजारी, एक वही आहे. तीत बाईंचे नाव, त्यांची आजारपणाची पगारी रजा आणि पोस्टात त्यांच्या नावे दरमहा भरली जाणारी रक्कम लिहिलेली असते. दर महिन्यास बाई ती वही स्वतः वाचतात व खाली सही करतात. धाकट्याचेही एक पान त्या वहीत आहे. हा कायदा नव्हे, आणि कायद्याची जागा तो घेऊ शकणार नाही, हे आम्ही जाणतो. पण आमच्या घरात आता ‘घरचा माणूस’ असे कोणी म्हटले की वहिनी शांतपणे विचारतात, “वहीत आहे का?”